झेंडू वाहिलेला राउटर

असे किस्से कुणी जमवत नाही. राजूरच्या कॉलेजात नेटवर्क सांभाळत बसलं, की ते धुक्यासारखे आपोआप खिडकीतून आत येतात.

आधी एवढं सांगते. आमच्या प्रत्येक कम्प्युटरला पत्ता लागतो आणि ते पत्ते वाटायचं काम ऑफिसातला एकच सर्व्हर करतो. कुणी दुसरा राउटर आणून जोडला, की तोही पत्ते वाटत सुटतो, सगळे चुकीचे. मग नेट गायब.

पहिले मानकरी आमचे प्राचार्य. दिवसभर मला झापत होते, "मॅडम, तुमचं नेट झोपलंय का?" मी वायर धरून शोधत गेले, तर ती थेट त्यांच्याच टेबलाखाली. घरचा राउटर! "केबिनमध्ये रेंज कमी येते हो," म्हणाले. चहा मात्र त्यांनीच पाजला.

मग ग्रंथपाल बाई. जुना राउटर त्या पेपरवेट म्हणून वापरायच्या. "दोन वायरी लोंबकळत होत्या, बरं दिसेना. दिल्या खोचून."

खंडेनवमीच्या पूजेला शिपाई किसनमामांनी तोच राउटर मांडला. हळदकुंकू, झेंडू, आणि वायर जोडून चालू! "देवाम्होरं बंद यंत्र कसं ठिवायचं, मॅडम?" निरांजनाशेजारी हिरवे दिवे लुकलुकत होते. इतकं छान दिसत होतं, की मीही क्षणभर बघतच राहिले.

वर लॅबमध्ये मात्र ऑनलाइन सराव परीक्षा बंद पडली. विद्यापीठाचं पत्र आलं: पुन्हा असं झालं तर केंद्र नगरला. डोंगरातल्या वाड्यांवरच्या पोरी सकाळी आठला नगरला पोचणार कशा? अर्ध्या जणी परीक्षाच सोडतील, या काळजीनं मला जेवण जाईना.

राउटर मी स्टोअररूममध्ये टाकला आणि कॉलेजभरच्या वायरी ज्या डबीत येऊन जुळतात, त्या स्विचलाच बजावलं: पत्ता फक्त सर्व्हरच्या वायरीतून येईल. बाकी कुठूनही कुणी वाटायला लागलं, तर तिथंच अडवायचं.

परीक्षेच्या सकाळी दाट धुकं होतं. खिडकीबाहेर जगच नव्हतं. आत चाळीस पोरी आणि माऊसची टिकटिक. अर्ध्या तासानं माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली: कुणीतरी पत्ते वाटतंय, अडवलं. वर पाहिलं, तर एकीचंही नेट गेलं नव्हतं.

वायरीमागं चालत स्टोअररूमपाशी गेले. किसनमामा स्टुलावर हात जोडून बसलेले. समोर तोच राउटर, ताजा झेंडू, हिरवे दिवे चालू.

"पोरींचा पेपर हाय, मॅडम. म्हनलं, एकट्या सर्व्हरवर भार नको. ह्यो बी लावलाय. देतोय न्हवं पत्ता?"

"देतोय, मामा," मी म्हणाले, आणि वायर तशीच ठेवून त्यांच्याशेजारी जरा वेळ बसले.