तिऱ्हाईताचं जेवण

बाबल तांडेलाच्या ओसरीवर मी दुसऱ्यांदा भात नको म्हणालो आणि दोन वाड्यांचा करार मोडायला आला.

एकोणीसशे साठच्या सुमाराची गोष्ट. मी लॉ कॉलेजात रूढीचा कायदा शिकवायचो. म्हणजे कुठेही लिहिलेला नसतो, पण सगळे पाळतात तो कायदा. आमच्या प्रिन्सिपॉलना त्यात काही राम दिसत नव्हता. म्हणून एक जिवंत करार बघायला मी मालवणजवळच्या किनाऱ्यावर गेलो.

तिथे वरची आणि खालची वाडी एकाच पुळणीवरून रापण ओढत. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून माणसांनी ओढायचं मोठं जाळं. कोणी कोणत्या वारी ओढायची, हे दरवर्षी पावसाळा सरला की तोंडी ठरे. साक्षीला तिऱ्हाईत लागे. त्याने दोन्ही वाड्यांच्या तांडेलांकडे, म्हणजे रापणीच्या प्रमुखांकडे, सारखंच जेवायचं. त्या वर्षीचा तिऱ्हाईत मी.

आधी खालच्या वाडीत गेलो. सोनू तांडेलाच्या बायकोने बांगड्याचं तिखलं केलं होतं. मी दोनदा भात घेतला. वरच्या वाडीत बाबलकडे पोचेपर्यंत पोट तुडुंब, आणि खालच्या जेवणाची बातमी माझ्याआधी पोचलेली.

बाबल शांतपणे म्हणाला, "मास्तरांनू, थंय दोनदा आणि हंय एकदाच. म्हंजे दर्यो तेंचो?"

मी पोटावर हात ठेवून दाखवला.

"आमची पोटां पावसाभर रिकामी आसत," तो म्हणाला. "करार नाय तर रापण नाय."

मला खरंच भीती वाटली. मुकाट्याने भात घेतला. बाबलची बायको इतकी खूश झाली की तिने सुरमईची तळलेली तुकडीही वाढली. ती खाऊन वर बघतो तो दारात सोनू. त्याच्याकडे मी तुकडी खाल्ली नव्हती. मला पुन्हा खाली नेलं. तिथे तुकडी झाली, शिवाय सोलकढीही. सोलकढीची फेड करायला वर निघालो तो पुळणीवरच आडवा झालो.

दोघे तांडेल भांडत धावले. एकाने डोकं धरलं, दुसऱ्याने पाय. जड बाजू कोणाची यावरून पुन्हा जुंपली.

"नीट धर रे," सोनू म्हणाला. "हो मेलो तर दुसरो साक्षीदार खंयसून हाडूचो?"

बाबलला हसू फुटलं, मग सोनूलाही. माझ्या उशाशी बसूनच त्यांनी वार वाटून घेतले. दुसऱ्या दिवशी रापण दर्यात गेली.

परत आल्यावर प्रिन्सिपॉलनी विचारलं, "करार झाला म्हणता, मग पुरावा कुठाय?"

"खाल्ला, सर."

तेव्हापासून विद्यार्थ्यांना सांगतो, निःपक्षपाती राहायचं असेल तर पहिल्याच घरी पुरे म्हणा. पण तिखलं बांगड्याचं असेल तर पुरे म्हणवत नाही, मग सरळ कोर्टातच भेटा.