राजाच्या उडीचं टेबल

भद्रकाली मोहल्ल्यातले अब्बासभाई एका नाटक कंपनीत सुतार होते. संध्याकाळी राजवाडा उभा करायचा, खेळ संपला की तोच ट्रकमध्ये भरायचा. तोंडाला रंग मात्र कधी लावला नाही. सगळी हयात विंगेत गेली. कंपनी बंद पडली तेव्हा मालकांनी आठवण म्हणून दरबारातलं शिसवी टेबल त्यांना दिलं. जुन्या काळचं, नक्षीचं, देखणं! प्रवासासाठी त्याचे पाय सुटे करून घेतले होते. ते लाकडी पाचरींवर घट्ट बसायचे.

१९९८ साली त्यांच्या बायकोला, आबिदाला, पक्षाघात झाला. अंग गेलं, वाचा गेली. मान तेवढी वळायची. दिवसभर ती छताकडे बघत पडे. अब्बासभाईंना ते बघवेना. तिच्या डोळ्यांना काहीतरी हलतं-फिरतं हवं, म्हणून त्यांनी माशांची टाकी आणवली आणि टेबल पलंगासमोर मांडलं.

टाकी बसवायला आलेला सुनील टेबलाखाली वाकला. "चाचा, भरली की दीडशे किलो होईल. लोखंडी स्टँड घ्या."

"अरे जा! ह्याच्यावर आमचा राजा तलवार उपसून उडी मारायचा. तोही भरपेट जेवून! टेबलानं कधी हूं की चूं केलं नाही."

"राजा उडी मारून खाली उतरायचा ना, चाचा? पाणी उतरणार नाही."

"तू मासे सांभाळ. लाकूड मी सांभाळतो."

आणि त्यांनी सांभाळलंही. खेळाआधी मोगरीने एकेक पाचर ठोकून घ्यायची जुनी सवय. तशी ते रोज सकाळी ठोकत. पण ठक् झालं की मासे बिथरत, आणि आबिदाच्या कपाळाला आठी पडे. दुखणं आल्यापासून ती पहिल्यांदाच कशावर तरी रागावली होती. अब्बासभाई हरखले. "बरं बेगम, नाही ठोकत!" मोगरी माळ्यावर गेली.

उन्हाळ्यात लाकूड आकसलं. एका दुपारी ते पाव आणायला कोपऱ्यावर गेले, परतले तर उंबऱ्यापर्यंत पाणी. पाचर निसटून टेबलाचा पाय मुडपला होता. काचांमध्ये नारिंगी मासे निपचित पडले होते. आबिदाला हाक मारता येत नव्हती. शेवटचा मासा तडफडायचा थांबेपर्यंत तिने सगळं बघितलं होतं. पाणी पलंगापर्यंत चढलं नव्हतं, तरी तिची उशी ओली होती.

सुनील नवी टाकी आणि लोखंडी स्टँड घेऊन आला. स्टँड त्याने पलंगासमोर मांडला. आबिदाने तोंड भिंतीकडे फिरवलं. टाकी परत गेली.

मग त्या रिकाम्या जागी अब्बासभाई स्वतःच स्टूल टाकून बसू लागले. गाल फुगवायचे, माशासारखं तोंड उघडायचे, मिटायचे. जन्मभर विंगेत उभा राहिलेला माणूस अखेर समोर आला होता. बघणारी एकटीच होती, आणि ती वळत नव्हती.