शेपटाचं लिंबू

शिरूरला गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणारा संपत मोडीतली इंजिनं कवठे येमाईला घरी नेतो. पातं आणि दांडा काढायचा, लाकडी पंखा बसवायचा आणि रिमोटवर उडणाऱ्या थर्माकोलच्या विमानाच्या नाकात इंजिन जखडायचं, हा त्याचा नाद.

यंदाच्या विमानाला त्याच्या आईनं, सगुणाबाईंनी, नव्या गाडीला बांधतात तसं लिंबू-मिरची बांधलं. पुढं पंख्यात चिंधड्या होतील म्हणून शेपटाला. दर शनिवारी त्या नवं बांधायच्या.

हे विमान भलतंच लहरी निघालं. शनिवार-रविवारी माळावर झकास उडायचं आणि गुरुवार आला की नाक खाली घालून बाभळीत घुसायचं. संपतनं कार्बोरेटर किती वेळा खोलला, देव जाणे.

"भंगारातलं इंजिन, दुसरं काय व्हणार!" मी म्हणालो.

"इंजिनाला नाव ठेवू नगा, मामा!" तो माझ्यावरच उखडला.

एका शुक्रवारी बाभळीतून विमान सोडवताना सुकलेलं लिंबू त्याच्या मुठीत आलं. तो थबकला. लिंबू पार हलकं झालं होतं. नाकातल्या जड इंजिनाला शेपटाकडून ताजं लिंबूच तोलून धरत होतं!

ताज्या लिंबाच्या वजनाचा लोखंडी नट शोधून तो आईकडं धावला आणि त्यानं सगळं समजावून सांगितलं. सगुणाबाईंनी शांतपणे ऐकलं.

"व्हय की. वाळल्यालं लिंबू काम करत न्हाई, हे मी कवापासून सांगतीया."

संपतनं नट खिशात टाकला आणि ताजं लिंबू मागितलं.