सूर्याकडून म्हणजे पूर्वेकडून

चिंचपोकळीच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. सोलर पॅनलं बसवा म्हणून सगळ्यांच्या मागे मीच लागले होते, त्यामुळे धूळ मी पुसते. किस्सेही माझ्याच वाट्याला येतात!

*

टीव्हीवर बातमी आली, सौर वादळ येतंय. आमचे सेक्रेटरी सावंत तात्या, मूळचे मालवणचे, थेट माझ्या दारात.

"गो, वादळ खंयसून येतला?"

"सूर्याकडून, तात्या."

"म्हणजे पूर्वेसून. सकाळीच येतला!"

*

लगेच मीटिंग. विषय एकच : पॅनलं ठेवायची की उतरवायची?

मी घसा फोडून सांगितलं, या वादळाला वारा नसतो. धोका असलाच तर उपग्रहांना, मोठ्या वीजवाहिन्यांना. घरच्या पॅनलांना काही होत नाही!

पहिल्या मजल्यावरच्या कांबळे काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे ऊन कडक पडणार ना? मग मिरच्या उद्याच वाळत घालते."

शेवटी ठरलं, वादळ येऊन जाऊ दे. पॅनलं टिकली तर ठेवू, नाहीतर भंगारात.

*

वादळाच्या दिवशी सकाळी ॲप उघडलं. वीजनिर्मिती शून्य!

तोच शून्य बघून ग्रुपवर तात्यांचा मेसेज आधीच हजर : "सौर वादळात आपली पॅनलं गेली. भावपूर्ण श्रद्धांजली." खाली जोडलेल्या हातांची रांग. कांबळे काकूंनी तेवढं विचारलं, "मिरच्या ठीक आहेत ना?"

मी धावत गच्चीवर. पॅनलांवर गणपतीच्या मंडपाची निळी ताडपत्री, वरून होडीला मारतात तशा गाठी!

"तात्या, असं झाकल्यावर ऊन लागणार कुठून?"

"वादळात होडी उघडी ठेवतत काय गो?"

*

दुपारी सगळे गच्चीवर जमले. मी सगळ्यांसमोर गाठी सोडल्या, ताडपत्री ओढली आणि मोबाइल उंच धरला. आकडा सरसर चढायला लागला.

"बघा! पॅनलांना काहीही झालेलं नाही!"

"बघलंत?" तात्या ओरडले. "ताडपत्री होती म्हणान वाचली!"

टाळ्या. ठराव एकमताने मंजूर : पॅनलं राहणार, आणि दर सौर वादळात ताडपत्री घालणार. मीही हात वर केला!

मग ताडपत्रीची घडी घालायला लागले, तर तात्यांनी दुसरं टोक घट्ट धरलं.

"रव गो. संध्याकाळी सूर्य पश्चिमेक जातलो. परतीचो वारो थंयसून येतलो!"