कॅल्शियम आलं की मूठ उघडायची

"थांबा, अजून कॅल्शियम आलं नाही," असं म्हणत तो मूठ मिटून वर्गासमोर उभा राहायचा. मुठीत लिमलेटच्या गोळ्या. मनगटाला लाल लोकरीचा धागा, टेबलाच्या कडेला निळा आणि पिवळा. तिन्हींना पीळ देत देत ती मूठ अगदी कडेपर्यंत खेचलेली असायची. पलीकडे एक मुलगी ओंजळ धरून बसलेली, आणि एकाने पहारेकरी होऊन सरांचं मनगट घट्ट धरलेलं. हे मी दाराच्या फटीतून पाहिलं आहे. एकदा नाही, चांगलं चार वेळा.

डोंबिवलीतल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्राला आम्ही दोघंच. मी वीस वर्षांची जुनी, कायम. तो तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नव्याने बोलावलं तर यायचं. वयाने माझ्याहून बराच लहान, म्हणून इथे 'तो' म्हणते. तोंडावर सरच म्हणायचे.

मज्जापेशी एकमेकींना निरोप कसा देतात, याला पुस्तकात एखाददुसरं वाक्य. टोकाशी रसायन सोडलं जातं, संपलं. मी ते वीस वर्षं उतरवून देत आले. तो त्यावर दोन तास घ्यायचा. रसायनाच्या इवल्या पिशव्या असतात, पिशवीवरचं एक प्रथिन आणि पडद्यावरची दोन, एकमेकांत पीळ घालून पिशवीला पडद्याशी ओढून आणतात. सगळं तयार, पण एक प्रथिन अडवून धरतं. विजेचा झटका आला, कॅल्शियम आत शिरलं, की दुसरं एक प्रथिन ते ओळखतं, पहारा सुटतो आणि पिशवी बाहेर रिकामी होते. मग सगळा वर्ग "कॅल्शियम!" म्हणून ओरडायचा, मूठ उघडायची आणि गोळ्या बरोबर त्या ओंजळीत पडायच्या.

"तयार असणं वेगळं आणि सुटणं वेगळं," हे त्याचं पालुपद. दिवा स्टेशनजवळ राहायचा. तिथल्या पाण्याबद्दल विचारलं तरी हेच. बादल्या पहाटेपासून तयार असतात मॅडम, पण पाणी सुटेल तेव्हा खरं.

असा माणूस तुमच्याही शाळेत, ऑफिसात असेल. सगळ्यांना आवडतो, कोणाच्या वाटेला जात नाही, आणि नेमकं म्हणूनच आपल्या पोटात दुखतं. माझ्या दुखायचं. माझी मुलं पाणी प्यायला म्हणून जायची आणि त्याच्या वर्गात मागे जाऊन बसायची. त्यात माझी लेक त्याच्याच तुकडीत. जेवताना सर असे म्हणाले नि सर तसे म्हणाले. एकदा मी चिडून विचारलं, आणि मी काय चुकीचं शिकवते का? ती म्हणाली, "तू शिकवतेस ते बरोबरच असतं गं आई. सर शिकवतात ते दिसतं."



मग मीही लोकर आणली. वर्गाचं दार लावून घेतलं, मूठ मिटली, पीळ घातला. उत्साहात मी मूठ कॅल्शियमच्या आधीच उघडली, आणि गोळ्या घामाने तळहाताला चिकटून बसल्या. पुढच्या बाकावरची मुलगी फार समजूतदारपणे म्हणाली, "मॅडम, सर रुमालाने हात पुसून घेतात." वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या उजव्या डोळ्याची पापणी मधूनच आपोआप मिटायची. शिरेचं दुखणं. दर तीन-चार महिन्यांनी तो ठाण्याला, माजिवड्याच्या एका डॉक्टरांकडे जाऊन इंजेक्शन घ्यायचा. हे त्याने फक्त मला सांगितलं होतं, आणि तेही कौतुकाने. "ते औषध म्हणजे कात्री आहे मॅडम. आपल्या पिळातला धागाच कापते. पिशवी तयार, पण निरोप सुटत नाही, पापणी गप्प. मग पेशी नवा धागा करते, की माझा डोळा पुन्हा सुरू." मुलांना मात्र सांगू नका म्हणाला. पोरं दया करायला लागली की शिकत नाहीत.

त्या वर्षी परीक्षेच्या कामात त्याचं इंजेक्शन लांबलं. महिनाभर पापणी मिटतच राहिली.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एका मुलीचे वडील येऊन गेले होते. सर वर्गात डोळा मारतात, अशी तक्रार. प्राचार्य भले गृहस्थ होते, त्यांनाही ते पटत नव्हतं. चहा माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्यांच्या शेजारी बसता. तुम्हाला काही माहीत आहे?"

एक वाक्य पुरलं असतं. पापणीचं दुखणं आहे सर, ठाण्याला इंजेक्शन घेतात. वाक्य जिभेवर तयार होतं.

मी म्हटलं, "आता मी काय सांगणार, सर."

कोणाला सांगू नका, असं त्यानेच म्हटलं होतं, हे कारण मी स्वतःला नंतर पुष्कळदा दिलं. ते कारण नव्हतं. त्याने मुलांना सांगू नका म्हटलं होतं. प्राचार्य काही मुलांत मोडत नाहीत.

तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढावं लागत नाही. चौकशी नाही, पत्र नाही. जूनमध्ये फोन करायचा नाही, एवढंच. जुलैत तो आपण होऊन स्टाफरूममध्ये आला, कपाटातलं सामान न्यायला. पापणी आता शांत होती. त्याने मला विचारलं, "मॅडम, माझं काही चुकलं का?"

तेव्हाही वेळ गेली नव्हती. प्राचार्य पलीकडच्याच खोलीत होते. मी म्हटलं, नाही हो, यंदा प्रवेश कमी आहेत, तास बसत नाहीत. त्याने लगेच विश्वास ठेवला. मग पिशवीतून ते तीन धागे काढले, गुंता सोडवला, नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवले.

"तुम्ही एकदा करून पाहिलं होतंत ना? पोरांनी सांगितलं मला. मूठ सैल धरा मॅडम, घट्ट धरली की गोळ्या चिकटतात."

तो कुठे गेला, मला माहीत नाही. फोन नंबर आहे. लावलेला नाही. लेकीने विचारलं तेव्हा तिलाही प्रवेशांचंच कारण सांगितलं.

यंदा मज्जापेशींचा धडा आला तेव्हा मी त्याचेच धागे बांधले. हात रुमालाने पुसला, मूठ सैल धरली. वर्ग "कॅल्शियम!" म्हणून ओरडला आणि गोळ्या बरोबर ओंजळीत पडल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच, माझ्यासाठी. दाराची फट उघडी होती. तिथे कोणी नव्हतं.

मला अजून त्याचा हेवा वाटतो. त्याची मूठ वेळेवर उघडायची.