पुलाखालून उलट्या पावलांनी

नेट्टा गिलफिलन थापा मारते हे स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि फार झकास मारते हेही. फॉलकर्कात जन्मलेला माणूस सत्तरी उलटली तरी स्वतःला गावचं पोरच म्हणवतो. नेट्टा तर वागायचीही तशीच. दर शनिवारी ती छातीवर पर्यटन मंडळाचा बिल्ला लावून पाहुण्यांना गाव दाखवायची. सकाळी पोलादी घोड्यांची ती दोन अवाढव्य मुंडकी, मग होड्यांना वरच्या कालव्यात नेणारं चाक, आणि दुपारी काठाकाठाने बोगद्यापलीकडच्या पुलापर्यंत पायी. हे घोडे रात्री कालव्यावर पाणी प्यायला जातात, असं तिने ग्लासगोच्या एका बाईला इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं की बाईने वेळ विचारून घेतली.

हे मंडळापर्यंत गेलं. चिटणीस होता स्ट्रुअन पेटिग्रू. त्याची आई आणि नेट्टा जुन्या शेजारणी, त्यामुळे बिचाऱ्याला धड दरडावताही येईना.

"नेट्टामावशी, आता एक जरी थाप कानावर आली तर बिल्ला परत घ्यावा लागेल. या शनिवारी गटात आमचा माणूस असेल. कोण ते सांगणार नाही."

"तुझं शेंबडं नाक पुसलंय मी, स्ट्रुअन."

"म्हणून तर आधी सांगतोय."

तिने ते हसण्यावारी नेलं खरं, पण घरी आल्यावर ती बिल्ल्याकडेच बघत बसली. नवरा, डूगल, गेल्यापासून घरात तिच्याशी बोलणारी एकच वस्तू उरली होती, चहाची किटली. आणि तीही एकदा शिट्टी मारून गप्प व्हायची. आठवडाभर साठलेलं बोलायला शनिवारच होता. तो गेला तर आपण वेड्या होऊ, याची तिला मनापासून भीती वाटली.

शनिवारी तिने गटावर नजर फिरवली आणि माणूस ओळखला. राखाडी रेनकोट, घट्ट मिटलेले ओठ, एकही प्रश्न न विचारणारी एक किडकिडीत बाई. झालं, नेट्टाने जिभेला लगाम घातला. घोड्यांजवळ तिने नुसतं खरं सांगितलं आणि लोकांनी जांभया दिल्या. चाकापाशीही खरंच सांगितलं: हे एवढं धूड एकदा फिरवायला आठ किटल्या उकळतील इतकीच वीज लागते. चाकाच्या पाण्याने भरलेल्या दोन पाळण्यांपैकी एकात होडी असो वा नसो, तोल ढळत नाही, कारण होडी आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर ढकलून आत शिरते. रेनकोटवाली ढिम्म. स्टर्लिंगहून आलेले क्रॉम्बी नावाचे एक गोलमटोल गृहस्थ मात्र पोट धरून हसले. आजवर थापेला कुणी हसलं नव्हतं आणि आज खऱ्याला हसतायत, याचा नेट्टाला फार राग आला.

बोगद्यात अंगावर पाणी ठिबकत होतं. बाहेर पडल्यावर थोडं पुढे तो पूल आला. त्याच्या कमानीवर अलीकडच्या बाजूला एक रडका दगडी चेहरा कोरलाय आणि पलीकडच्या बाजूला हसरा. इथे मात्र नेट्टाचा धीर सुटला. ही एक गोष्ट तिने इतक्या वर्षांत कधी गाळली नव्हती. रेनकोटवाली मटणाच्या पॅटिसचा तुकडा तोंडात टाकत होती, तेवढी संधी साधून ती बोलली.

"आमच्या गावची पोरं इथून उलट्या पावलांनी जातात. रडक्याला पाठ दाखवायची, म्हणजे पलीकडे निघालं की पहिला हसरा दिसतो. सरळ चालणाऱ्याच्या नशिबी वर्षभर रड."

सगळे वळले आणि उलटे चालू लागले, रेनकोटवालीसुद्धा. क्रॉम्बींची टाच पाण्याकडे घसरली आणि नेट्टाने त्यांना कॉलर धरून ओढलं. धापा टाकत त्यांनी आभार मानले आणि सांगून टाकलं की मंडळाचा माणूस म्हणजे तेच.

नेट्टाने तिथेच बिल्ल्याला हात घातला. सोमवारी बघू, असं म्हणून क्रॉम्बी पुलापाशीच रेंगाळले.

सोमवारी तिने स्ट्रुअनसमोर टेबलावर बिल्ला ठेवला. तो कपाळाला हात लावून बसला होता.

"क्रॉम्बींनी तुझ्या दोन थापा पकडल्यात. एक किटल्यांची, दुसरी होडीच्या वजनाची."

"आणि पुलाची?"

"ती म्हणे खरी. तुम्ही सगळे पुढे गेल्यावर मागून गावातलंच एक म्हातारं जोडपं उलटं चालत आलं. विचारलं तर म्हणाले, आम्ही इथून असंच जातो." स्ट्रुअनने आवाज खाली आणला. "मावशी, मी याच गावचा. माझ्या लहानपणी असलं काही नव्हतं. म्हणून काल मुद्दाम बायकोला घेऊन गेलो. लोक खरंच उलटे जात होते. मग काय, आम्हीही गेलो. आता याला थाप कशी म्हणू? पण हे सुरू केलं कुणी?"

नेट्टाला जुनी गोष्ट आठवली. लग्न झालं त्या वर्षी त्या वाटेवर डूगल तिच्यापुढे उलटा चालत होता. सरळ बघून चाल म्हटलं तर म्हणाला, मग तुझं तोंड कसं दिसणार? पूल ओलांडला आणि धपकन आवाज आला. वर तो दगडी चेहरा हसत होता, काठावर नेट्टा आणि पाण्यात डूगल.

"होता एक," ती म्हणाली. "बायकोचं तोंड बघत उलटा चालायचा. कालव्यात पडला."

स्ट्रुअनने बिल्ला तिच्याकडे सरकवला. "ही पण थापच ना, मावशी?"

नेट्टाने बिल्ला छातीवर लावला आणि हो म्हणाली.