गोवराची सुई

सून अंगणात मिरच्या वाळत घालते तेव्हा मी आत जाऊन बसते. तो ठसका मला नको असतो.

आम्ही घाटंजीकडची माणसं तेव्हा मिरची तोडायला आंध्रात जायचो. त्या वर्षी तिथल्या जंगलात पोलीस आणि नक्षल्यांचा गोळीबार चालू होता. नक्षल्यांना भाकरी कोणी दिली, हे विचारत पोलीस आमच्या झोपड्यांत यायचे. वहीत नावं लिहायचे आणि नाव लिहिलेला माणूस उचलून न्यायचे.

एका सकाळी नर्सबाई आली. खांद्याला लसीची पेटी, हातात वही. रस्त्यावर गाड्या नव्हत्या म्हणून पाच कोस चालत आली होती. तिला मराठी यायची.

"लेकरांची नावं सांगा," ती म्हणाली.

दुरून वही पाहूनच मी घाबरले होते. माझी सुमी दीड वर्षाची. बाई दारात यायच्या आधीच तिला मिरचीच्या ढिगामागं दडवलं होतं.

"लेकरं नाहीत बाई, गावाले ठेवून आलो."

ढिगामागून शिंक आली.

"मिरची शिंकते काय?" बाई हसली. "अगं, गोवराची सुई आहे. मी पोलीस नाही."

"मांजर हाये ते. जा तुम्ही."

बाई गेली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी रस्ता बंद केला. पंधरवड्यात झोपड्यांत गोवर आला. सुमी तापाच्या चौथ्या दिवशी मेली.

सून म्हणते, "आई, तुमचा काय दोष त्याच्यात? बंदुका त्याइच्या होत्या."

होत्या. पण त्या बंदुकांमधून बाई माझ्या दारापर्यंत आली होती. तिथून तिला मी परत पाठवलं.